सेनिसाचं तोंड उघडं असतं

सकाळी खिडकी उघडली आणि तो वास आला. शेतात पाचट पेटवल्यावर येतो तसा, पण त्यात ओल्या मातीचा कुबट भाग जास्त. समुद्रापलीकडे सुमात्रात दलदलीची जमीन पेटते आणि वारा तो धूर थेट इथं सिंगापुरात, आमच्या दारात आणून टाकतो. इथले लोक त्याला हेझ म्हणतात. समोरचा उंच ब्लॉक पुसट झाला होता, बुकित बातोकची टेकडी तर दिसतच नव्हती. बांबूवर वाळत घातलेले कपडे मी भराभर आत ओढले, खिडक्या लावल्या आणि स्वतःशीच म्हणाले, "आलास का परत? ये बाबा."

डोळे चुरचुरतात, घसा धरतो, शेजारणी शाप देतात. मला मात्र या मोसमाचा राग धरता येत नाही. खरं सांगायचं तर त्या वासानं माझ्या अंगात जरा जोरच येतो. कपाटातून जुना पांढरा टी-शर्ट काढावा, कात्री शोधावी, असं होतं. का, ते सांगते.

इरा, माझी मुलगी, तेव्हा सहावीत होती. इथं सहावीला मोठी परीक्षा असते. त्या एका परीक्षेवर मुलाची पुढची शाळा ठरते, म्हणून सप्टेंबर उजाडला की घराघरांतल्या आया परीक्षेला बसतात. मीही बसले होते. भिंतीवर वेळापत्रक, फ्रिजवर वेळापत्रक. इंजिनिअर बाई, दुसरं काय करणार! आणि त्याच महिन्यात मी माझ्या वडिलांना, अण्णांना, कोल्हापूरहून इकडे घेऊन आले.

अण्णा म्हणजे तालमीचे वस्ताद. स्वतः कुस्त्या मारल्या, मग तीस वर्षं पोरं घडवली. वय झालं, आखाडा सुटला आणि तंबाखूची चिमूट तेवढी हातात राहिली. तिनं डाव्या गालात घर केलं. डॉक्टरांनी गालाचा तुकडा काढला आणि तिथं छातीवरचं मांस-कातडं फिरवून बसवलं. वर किरणं दिली. कॅन्सर गेला. पण अण्णाही गेले म्हणायचे, कारण ते घराबाहेरच पडेनात. आई त्याच्या तीन वर्षं आधी वारलेली. तालमीतली पोरं दारापर्यंत येत आणि कडी वाजवून परत जात. शेवटी मीच गेले, बॅग भरली आणि म्हटलं, "चला."

ते आले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. चेहऱ्याला पंचा गुंडाळलेला. जेवण म्हणजे आंबील, ताक, पातळ पेज, तेही दार लावून. आणि आम्ही काय केलं? बाथरूमच्या आरशावर मी चादर टाकली. मंदारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हॉलमधला आरसा काढून पलंगाखाली सरकवला. पेजेचा थर्मास मी दाराबाहेर ठेवायची, टकटक करायची आणि लगबगीनं दूर जायची. त्यांच्याशी बोलताना आम्ही सगळे खिडकीकडे बघायचो. आम्ही त्याला सोय म्हणत होतो. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

मग हेझ आला आणि अख्ख्या सिंगापूरनं तोंडावर मास्क चढवले. अण्णांनी खिडकीतून खाली पाहिलं. बसस्टॉपवर ओळीनं झाकलेली तोंडं. मागं वळून, आल्यापासून पहिल्यांदा, स्वतःहून बोलले, "मला बी एक दे की त्यातला."

त्या संध्याकाळी ते खाली गेले. लिफ्टनं उतरून, ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं आहेत तिथं जाऊन बसले. एक चिनी अंकल रोज तिथं एकटेच पट मांडून बसायचे. त्यांनी समोरच्या बाकाकडे हात केला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पट कशाचा हेही अण्णांना कळत नव्हतं, पण तासभर बसून आले. "लई ब्येस मानूस हाय," म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्या धुराला नमस्कार केला. आपल्या बापाला बाहेर काढायला सुमात्रा पेटावा लागला! वेड्यासारखी मी रोज पीएसआयचा, म्हणजे हवा किती खराब त्याचा, आकडा बघायची आणि तो वाढला की खूश व्हायची.

ती खुशी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोनवर एका मिनिटात उतरवली. "तोंड किती उघडतंय? काड्यांचा व्यायाम चालू आहे ना?"

कसल्या काड्या? अण्णांच्या बॅगेत तळाशी सापडल्या. आइस्क्रीमच्या असतात तशा लाकडी चपट्या काड्या, रबर लावलेला जुडगा, एकही वापरलेली नाही. त्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, जबडा ताणायचा, आणि दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची. ऑपरेशन आणि किरणांनंतर जबडा आखडत जातो. "तीन बोटं उभी मावली पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. "आत्ता केलं तर होईल. हे दोन-तीन महिने गेले तर दार कायमचं बंद. मग नाकातली नळी."

अण्णांच्या तोंडात एक बोटही जात नव्हतं.

मी समजावलं, रडले, ओरडले. व्यायामाचं तिसरं वेळापत्रक चिकटवलं. अण्णा दार लावून घ्यायचे, अर्ध्या तासानं बाहेर येऊन मान डोलवायचे. आणि काड्या कोरड्या ठणठणीत. एकदा चिडून विचारलं तर म्हणाले, "आरशात बघून करायचं म्हंत्यात. आन् आपलं आपन मोजायचं. मला न्हाई जमत."

या 'मोजायचं'कडे मी लक्षच दिलं नाही. मला वाटलं, नुसतं निमित्त.

हेझमुळे शाळेत मैदानावरचा तास बंद होता, म्हणून इरा लायब्ररीत बसायची. तिथून तिनं जगभरच्या पैलवानांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. परीक्षा तोंडावर आणि ही कुस्त्या वाचतेय! मी बोलायला तोंड उघडलं, तोवर ती पुस्तक घेऊन अण्णांच्या खोलीत घुसली होती. दार न वाजवता. या घरात ते धाडस तिलाच होतं.

"आजोबा, हा बघा. सेनिसा. मेक्सिकोचा. सेनिसा मीन्स राख."

फोटोत एक धिप्पाड माणूस, डोक्यापासून हनुवटीपर्यंत राखाडी मुखवटा, मागं बांधलेल्या नाड्या. डोळ्यांना दोन भोकं, नाकाला एक, आणि तोंडाला मोठं मोकळं भोक.

अण्णा मास्कच्या आडून फुरफुरले. "ही कुस्ती हाय का सोंग हाय? आखाड्यात उतरताना आमी गळ्यातला गंडा बी काढून ठेवतो. एक लंगोट आन् माती. झाकायचं काय त्यात?"

इरा हटली नाही. तिनं वाचून दाखवलं, मी दारात उभं राहून अडलेल्या शब्दांचं मराठी करत गेले. सेनिसाच्या गावाशेजारी ज्वालामुखी होता. छपरांवर, ताटांत, पाळण्यांत राख पडायची. पोरगा शहरात आला, आखाड्यात उतरला, तेव्हा त्यानं गावच तोंडाला लावून घेतलं. त्यांच्याकडची रीत अशी की एकदा मुखवटा चढला की तो लोकांसमोर काढायचा नाही. सेनिसा लग्नाच्या पंगतीत मुखवट्यानं जेवला. विमानात मुखवट्यानं बसला, पासपोर्ट बघणाऱ्याला पडद्याआड नेऊन चेहरा दाखवला म्हणे. बायकोच्या दफनालाही मुखवट्यातच उभा होता, आणि लोक सांगतात की राखाडी कापड डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"आणि आजोबा, पैज असते. मुखवट्याची मुखवट्याशी. जो हरेल त्यानं तिथंच काढायचा आणि सगळ्यांना नाव सांगायचं. खरं नाव, गाव, सगळं. सेनिसानं खूप जणांचे काढले. त्याचा कोणीच नाही काढला."

"हारलेल्यानं नाव सांगायचं? उलटंच हाय की. आमच्यात जिंकलेल्याचं पुकारत्यात." मग अण्णा पुस्तक जवळ ओढून, बोट ठेवून म्हणाले, "पर ह्यो दम कुठनं घेतो?"

वस्तादाचा प्रश्न. तीस वर्षांत हजार पोरांना विचारलेला. मला हुंदकाच फुटणार होता, मी स्वयंपाकघरात पळाले.

मागून इराचा आवाज आला. "तोंडातून. म्हणून तोंड ओपन आहे. तोंड झाकलं तर फाइट कशी करणार?"

त्यानंतर रोज दुपारी चार वाजता, गणिताचा पेपर सोडवून झाला की, आजोबा आणि नात टॅबलेटवर सेनिसाच्या जुन्या धुरकट कुस्त्या बघू लागले. दोरांवरून त्यानं उडी मारली की अण्णा वैतागायचे, "माकडचेष्टा नुसत्या!" पण एकदा त्यानं समोरच्याला पाठीवर घेऊन असं आपटलं की अण्णा पलंगावरून उठलेच. "आर्र तिच्या! धोबीपछाड! कुनी शिकिवली ह्येला?" त्या दिवशी मास्क हनुवटीवर घसरला होता, आणि त्यांच्या ध्यानातच नव्हतं. मी खिडकीकडे बघितलं. इरानं नाही. ती त्यांच्याकडेच बघत होती.

रात्री जेवताना तिनं मला विचारलं, "आई, तू आजोबांच्या फेसकडे का नाही बघत?"

"त्यांना आवडत नाही गं."

"त्यांनी सांगितलं तुला?"

मी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेच्या पीटीचा आखूड झालेला टी-शर्ट काढला. पांढरा होता, तो आम्ही चहाच्या आणि काळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून राखेसारखा केला. अण्णा दुपारी डुलकी काढत असताना तिनं सुतळीनं त्यांच्या डोक्याचं माप घेतलं. मी शिवायला बसले. खडूनं आखताना मी डावा गाल पुरता झाकेल असं बघून तोंडाचं भोक बारीक ठेवलं. तिनं कात्री माझ्या हातातून घेतली. चिडली की इथल्या पोरांसारखा तिच्याही वाक्याला 'लाह' लागतो. "असं नाही लाह! तोंड आधी कापायचं. मोठं. मग बाकीचं." आणि कचकन कापलं. डोळ्यांची भोकं मात्र माझ्या हातून लहानमोठी झाली.

अण्णांनी मुखवटा हातात घेतला. उलटून शिवण बघितली, ताणून कापड बघितलं. मग म्हणाले, "तू भाईर जा." म्हणजे मी. "पोरगी ऱ्हाऊ दे."

दाराच्या फटीतून मी पाहिलं, कबूल करते. त्यांनी आमच्याकडे पाठ करून कागदी मास्क काढला आणि तो राखाडी मुखवटा चढवला. इरानं मागं नाड्या बांधल्या. मग तिनं पलंगाखालून मंदारनं लपवलेला आरसा ओढून काढला आणि भिंतीला टेकवला. अण्णा बराच वेळ त्यात बघत राहिले. एक डोळा मोठा, एक बारका, राखेचा माणूस. अण्णा त्यात नव्हते, म्हणूनच बघवलं असेल.

"आता मोज," ते म्हणाले.

"तुम्हीच मोजा ना."

"न्हाई. आपलं जोर आपन मोजायचं नसत्यात. आपलं आपन मोजनारा लबाडी करतो. वस्तादानं मोजायचं. तालमीचा कायदा हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझं ते व्यायामाचं वेळापत्रक, डॉक्टरांचा सल्ला, दोन्हींत तेच होतं: स्वतः करा, स्वतः मोजा. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याचे जोर मोजले आणि त्याआधी आपले दुसऱ्याकडून मोजून घेतले, त्याला आम्ही एका खोलीत एकटं सोडून मोजायला सांगत होतो. ते निमित्त नव्हतं. त्यांना वस्ताद हवा होता.

बारा वर्षांची वस्ताद मग मोजू लागली. काड्या दातांत, जबडा ताणलेला, दहापर्यंत आकडे. "एक, दोन, तीन... आजोबा, चीटिंग नको, ताणा!" दुखायचं. मुखवट्याखालून पाणी गळून गळ्यापर्यंत यायचं. चौथ्या दिवशी काड्या रक्ताळल्या तेव्हा मी आत घुसले, म्हटलं बास आता. अण्णांनी हात वर केला. तोंडात काड्या, शब्द फुटत नाही, पण त्या हाताचा अर्थ तालमीतल्या प्रत्येक पोराला कळला असता. मी गुमान बाहेर आले. सकाळी सहा, दुपारी चार, संध्याकाळी सात. परीक्षेच्या दिवशीसुद्धा, युनिफॉर्ममध्ये, बूट घालता घालता तिनं मोजलं. तिचा पेपर कसा गेला हे विचारायचं मी त्या दिवशी विसरले, यावर माझ्या ओळखीतली कोणतीही आई विश्वास ठेवणार नाही.

मोजून झालं की उरलेलं पुस्तक. सेनिसाचा खांदा मोडला, वय झालं. तो हरला नाही, थांबला. मुखवटा मुलीला दिला, आणि आजही ती तो घालून आखाड्यात उतरते. पुढं तो वारला, तेव्हा त्याला दुसऱ्या तसल्याच मुखवट्यासकट पुरलं. त्या दिवशी शहरातली पोरं तोंडाला राख फासून रस्त्यात उभी होती. आणि मग पेपरांत आलं की सेनिसा म्हणजे एका गल्लीच्या कोपऱ्यावर चपला शिवणारा माणूस. पेपरवाले धावले. गल्लीतले लोक हसायला लागले. आम्हाला तर पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणाले. चपला शिवून घेताना आम्ही त्याच्या खांद्याची सूज बघत नव्हतो का? पण बोलायचं कशाला?

हे ऐकून अण्णा हसले. आवाज फुटून, घशातून. "गल्ली भारी हुती मर्दा."

मी त्या गल्लीचा खूप विचार केला. तीही बघून न बघितल्यासारखं करत होती, आणि मीही. मग फरक काय? फरक हा की ती माणसं चपला शिवायला त्याच्याकडे रोज जात होती, त्याच्यासमोर बसत होती. मी थर्मास ठेवून पळत होते. त्या संध्याकाळी मी पेज घेऊन आत गेले, खाली बसले आणि पेजेसाठी अण्णांनी मास्क उतरवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. शिवणीची रेघ, फुगीर गाल, आणि त्यावर काही केस उगवलेले.

"छातीवरलं हाईत," अण्णा म्हणाले. "छाती गालावर आली, आन् केस बी संगट घिऊन आली. पैलवानाची छाती हाय ती, लाजतीय कशाला?" लाजत कोण होतं, देव जाणे. दोघंही हसलो आणि मग मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

पाऊस आला, वारा फिरला आणि हेझ गेला. समोरचा ब्लॉक पुन्हा स्वच्छ दिसू लागला. बसस्टॉपवर सगळ्यांची तोंडं उघडी. अण्णांचा इथं राहण्याचा पास संपत आला होता, रविवारी रात्रीचं विमान. मला धास्ती एकच: धूर गेला, आता हे पुन्हा खोलीत जातील, आणि गावी जाऊन पुन्हा कडी लावतील.

रविवारी सकाळी अण्णा म्हणाले, "खाली जाऊ. सगळी." तोंडावर कागदी मास्क होता. पूर्ण हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या मोठ्या छपराखाली, तो एकच मास्क. लोक बघत होते. चिनी अंकलही पेपर वाचत बसलेले, त्यांनी हात केला, आम्ही त्यांच्याच टेबलावर बसलो. प्राटा, म्हणजे इथला पराठा, आला, गरम, पापुद्रे सुटलेला, सोबत डाळीची आमटी.

अण्णांनी उजव्या हाताची तीन बोटं उभी धरली. इरा म्हणाली, "माझी घ्या, माझी बारीक आहेत."

"तुजी न्हाईत. पैलवानाची मोजायची."

आणि त्यांनी मास्क काढला. घडी घातली, टेबलावर ठेवला. भरल्या हॉकर सेंटरमध्ये, कढईच्या आवाजात, तीन जाडजूड बोटं उभी करून तोंडात घातली. मावली. तिसरं जरा घासत, पण मावलं. अंकलनी पेपर खाली केला, सरळ अण्णांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अंगठा वर केला.

"इरा, पुकार," अण्णा म्हणाले. "शिकिवलंय तसं."

ती बाकावर उभीच राहिली. तिचं ते इंग्रजी वळणाचं मराठी, पण आवाज खणखणीत: "मौजे चिंचणवाडीचे पैलवान, गणपती रामा चौगुले... विजयी!" आजूबाजूच्या टेबलांना ओ की ठो कळलं नाही, तरी दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी प्राट्याचा तुकडा तोडला, आमटीत बुडवला आणि सगळ्यांसमोर चावून चावून खाल्ला. थोडी आमटी डावीकडून ओघळली. त्यांनी ती पंच्यानं पुसली आणि दुसरा तुकडा तोडला.

मुखवटा ते बरोबर घेऊन गेले. मला वाटलं, आठवण म्हणून. महिन्याभरानं फोन आला, "आनिक दोन धाड. डोस्की मोठी हाईत." मला काही कळेना. मग तालमीतल्या एका पोरानं सांगितलं. अण्णा ज्या दवाखान्यात तपासणीला जात, तिथं व्हरांड्यात अशीच गाल कापलेली, तोंडाला उपरणं गुंडाळलेली माणसं बसलेली असत. खिशात काड्यांचा कोरा जुडगा. अण्णांनी एकाच्या डोक्यावर आपला मुखवटा चढवला आणि समोर बसून मोजायला सुरुवात केली. आता दर मंगळवारी जातात. लोक म्हणतात, वस्ताद आले.

म्हणून आमच्या घरात इराचा आखूड झालेला एकही टी-शर्ट बाहेर गेलेला नाही. तिची आता ज्युनियर कॉलेजची परीक्षा जवळ आली आहे, तरी आज धुराचा वास आल्याबरोबर तीच कात्री घेऊन आली. मी आखते, ती कापते. आधी तोंड.

दुपारी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. मंगळवारच होता. व्हरांड्यात ओळीनं पाच राखाडी डोकी, काहींचे डोळे अजून लहानमोठेच, आणि समोर स्टुलावर अण्णा. उघडा चेहरा, पांढरे झालेले गालावरचे केस. मी म्हटलं, "अण्णा, एक तुमच्यासाठीपण नवीन शिवू का?"

त्यांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही.

"मोजनाऱ्यानं तोंड झाकायचं नसतं," म्हणाले, आणि त्या पाच जणांकडे वळून त्यांनी हात वर केला. "हां, धरा काड्या. ताना. एक..."